खार, साबण आणि पावडर

फुलसावंगीच्या दुकानात आजही कुणी 'निरमा द्या' म्हणतं, आणि दुकानदार कुठल्याही कंपनीचा पुडा काढून देतो. नाव एकाचं, वस्तू दुसरीच! आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस अशा ठिकाणी अडतोच. मग त्या पुड्यात असतं तरी काय?

मुख्य गोष्टी दोन. एक, मळ सोडवणारं कृत्रिम रसायन. त्यालाच खरं तर डिटर्जंट म्हणायचं. दुसरी, धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. पहिली गोष्ट विसाव्या शतकातली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत साबणाला चरबी मिळेना, तेव्हा तिचा शोध सुरू झाला. दुसरी मात्र फार जुनी, आणि आपल्याच वऱ्हाडातली. वाशिमच्या पलीकडे लोणार आहे. तिथल्या सरोवराचं पाणी खारं, कारण त्यात हाच सोडा आहे. काच आणि साबण यांना लागणारा माल तिथे मिळतो, अशी नोंद 'ऐन-ए-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटी, सापडते.

आता या दोघांचं नातं बघा. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं, फेस येत नाही, बादलीत चिकट साका उरतो. सोडा आधी टाकला की कॅल्शियम तळाशी बसतं आणि साबण कामाला मोकळा होतो. डिटर्जंटचा असा साका होत नाही. पण जड पाण्यात त्याचाही जोर कमी पडतो. म्हणून नव्या पुड्यातही जुना सोडा राहिलाच. तो स्वस्त, म्हणून स्वस्त पावडरीत जास्त.

आपल्याकडे सर्फ आलं 1959 साली. 1969 मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा विकायला सुरुवात केली, आणि पावडर गरिबाच्या मोरीपर्यंत पोचली. पण त्याच्या कितीतरी आधी आपले परीट, वरठी कपडे खारात भिजवून भट्टी लावत होते. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, असं कसं म्हणायचं? सूत्र लिहिता येत नव्हतं, एवढंच!

त्यांना आणखी एक माहीत होतं. खार मळाला खातो तसा कातडीलाही खातो. रेशीम, लोकर सोड्यात घालू नये ती याचमुळे. तीही प्राण्याच्या अंगचीच. मग रोज दोन बादल्या धुणाऱ्या बाईच्या हातांचं काय? पुड्यावर कपड्याची चमक छापलेली असते, हात छापलेले नसतात. निदान घरी गेल्यावर ते हात बघा. धुणं झालं की साध्या पाण्याने धुऊन थोडं खोबरेल लावायला सांगा. आणि एखादी बादली आपणही धुवा.