पॉइंट टू-टू

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्राँझ पदक मिळवले. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्याच्या रायफलीतून बाहेर पडणारी रिकामी काडतुसे दिसतात का, ते पाहत होतो. ५० मीटर थ्री पोझिशन म्हणजे पॉइंट टू-टू. १९६६ साली मी पहिल्यांदा हातात घेतलेले काडतूस तेच होते.

चीनच्या युद्धानंतर १९६३ पासून कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली होती, ती १९६८ पर्यंत. त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या, बी.ए.ला जाणाऱ्या किडकिडीत मुलालाही रायफल धरावी लागली. आमचे उस्ताद म्हणायचे, "डरो मत, चिडिया मारने की गोली है." पालथे पडून, गालाला लाकूड लावून मी घोडा दाबला. खांद्याला धक्का म्हणावा असा बसलाच नाही! फट् असा आवाज झाला, एवढेच. त्या क्षणी मला ती गोळी आवडून गेली, हे कबूल करतो.

पुढे शिक्षक झाल्यावर तिचा इतिहास वाचत गेलो. मूळ फ्रान्समधले. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने ठिणगी पाडणाऱ्या टोपीतच एक बारीक शिशाची गोळी बसवली. दारू नाहीच, टोपीतल्या मसाल्याच्या जोरावरच गोळी जायची. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात निशाणा मारण्याचा खेळ, इतपतच तिचे काम. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्यावरून धडा घेऊन .२२ शॉर्ट हे काडतूस आणि त्यासाठी सात गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. तिथल्या यादवी युद्धात कित्येक सैनिकांनी ते पदरच्या पैशांनी विकत घेऊन खिशात बाळगले. १८७१ मध्ये .२२ लाँग आले, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीचे .२२ लाँग रायफल. तेच आजतागायत चालू आहे. ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम अडीच-पावणेतीन ग्रॅमची गोळी. जाडी साडेपाच मिलिमीटरच्या जरा वर.

तिची खुबी बुडात आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध वेगळी टोपी बसवलेली असते. इथे तसे नाही. पितळी नळीच्या बुडाची कड आतून पोकळ ठेवून तिच्यातच पेटणारा मसाला भरतात आणि रायफलीची पिन त्या कडेवर आपटते. कड चेपता यावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून आतला दाब कमी, आणि दाब कमी म्हणून ताकदही कमी. पण त्यामुळेच ती स्वस्त. बोअर युद्धात शेतकऱ्यांच्या नेमबाजीने इंग्रजांची झोप उडवली, तेव्हा या स्वस्ताईचा त्यांना उपयोग झाला. १९०१ पासून गावोगावी छोट्या रायफलींचे क्लब निघू लागले. लॉर्ड रॉबर्ट्स (हे साहेब जन्मले आपल्या कानपुरात) त्यांचे मोठे पुरस्कर्ते. लष्करानेही मोठ्या रायफलींना बारीक नळ्या बसवून शिकाऊ शिपायांना त्यावर हात बसवायला लावले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ही छोटी रायफल आली ती आलीच.

पण चिमणीची गोळी? १९५३ साली कॅनडात अल्बर्टा प्रांतात बेला ट्विन या साठी ओलांडलेल्या क्री आदिवासी बाईने एका अवाढव्य ग्रिझली अस्वलाला साध्या एकबारी .२२ रायफलीने मारले. तिच्याकडे .२२ लाँग होती, म्हणजे आमच्या गोळीची थोरली बहीण. हे वाचून मी थक्क झालो. वर्गात मुलांना सांगायला ही गोष्ट फार छान.

दुसरी गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही. जून १९६८ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींना गोळ्या घातल्या, त्या .२२ च्याच. तोवर मी दोन वर्षे अभिमानाने ती गोळी उडवत होतो. १९८१ मध्ये रेगनवर झाडल्या त्याही त्याच. आपल्याला गोळी लागली आहे हे रेगनना लगेच कळलेदेखील नाही, आणि फुप्फुसात रक्त साचत होते. त्यांचे प्रवक्ते जेम्स ब्रेडी जन्मभरासाठी अपंग झाले. धक्का नाही, आवाज बेताचा, म्हणून ती निरुपद्रवी असे आम्ही धरून चाललो होतो. खरे तर धक्का नाही तो खांद्याला.

आता एक गोष्ट, जी अठ्ठावन्न वर्षे मी कुणाला सांगितली नव्हती. फायरिंग संपले की रिकामी खोकी मोजून परत द्यावी लागत. त्या पहिल्या दिवशी मी एक खोके मोज्यात लपवले. पितळेचे, इवलेसे, अजून कोमट. मोजणीत एक कमी भरले. अख्ख्या तुकडीला उन्हात गुडघ्यांवर गवत चाचपायला लावले. माझ्या शेजारचा मुलगा, जो माझ्या आधी त्याच जागेवर पडून गोळ्या झाडून गेला होता, त्याच्यावर उस्तादांचा संशय. त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला मी ते खोके हळूच गवतात टाकले आणि "मिळाले!" म्हणून ओरडलो. उस्तादांनी मला शाबासकी दिली.

तो मुलगा पुढे माझा चांगला मित्र झाला. २०१९ मध्ये गेला. पॅरिसची ती मॅच त्याने नक्की पाहिली असती. तोही कोल्हापूरकडचाच. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा त्याचा रात्री फोन आला होता. "आपलीच गोळी रे," म्हणाला. दहा गुणांचे वर्तुळ साडेदहा मिलिमीटरसुद्धा नाही, ते पन्नास मीटरवरून, असे काहीबाही बोलत राहिला. त्या फोनवर सांगायचे माझ्या ओठांवर आले होते. पण तो इतका खुशीत होता की मी "हो, आपलीच" म्हणालो आणि फोन ठेवला.