मोरी तुंबली, नळ चालू: मेंदूतल्या पाण्याचा आणि एका छोट्या वॉल्व्हचा इतिहास

या भागात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास एका नळीचा आहे. पेनच्या रिफिलपेक्षा बारीक, सिलिकॉनची. ती मेंदूतून निघते, कातडीखालून मानेतून उतरते आणि पोटात जाऊन संपते. मध्ये कुठेतरी एक छोटा वॉल्व्ह असतो. तिला शंट म्हणतात. या एवढ्याशा वस्तूमागे प्रयोगशाळेतली कुत्री आहेत, कुलपाच्या कंपनीतला एक बाप आहे, एक जगप्रसिद्ध लेखक आहे आणि आपला उत्तर प्रदेशही आहे.

मी यात शिरले ती आमच्या चिकूमुळे. चिकू म्हणजे चिवावा जातीची मिक्स, वजन एक किलो आठशे ग्रॅम. शेजारच्या काकूंची बदली झाली आणि नऊ महिन्यांची चिकू आमच्याकडे आली. डोकं सफरचंदासारखं गोल, डोळे थोडे खाली आणि बाहेरच्या बाजूला वळलेले. एकाच दिशेने गोल गोल फिरायची, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डॉक्टरांनी डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हिची टाळू भरलेलीच नाही." त्याच उघड्या टाळूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून त्यांनी मेंदू दाखवला. मेंदूच्या आतल्या पोकळ्या फुगलेल्या होत्या. हायड्रोसेफलस. मराठीत जलशीर्ष, घरगुती भाषेत डोक्यात पाणी होणं.

आधी हे पाणी कसलं ते बघू. मेंदूच्या आत पोकळ्या असतात आणि त्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो. मोठ्या माणसात दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर. पण एका वेळी मेंदू आणि मणक्यात मिळून असतो फक्त १५० च्या आसपास. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलतं. ते पोकळ्यांतून अरुंद वाटांनी बाहेर येतं, मेंदूभोवती फिरतं आणि रक्तात शोषलं जातं. वाट अडली तरी उत्पादन थांबत नाही. नळ चालू, मोरी तुंबलेली. बाळाच्या कवटीची हाडं जुळलेली नसतात म्हणून डोकं वाढत जातं. हाडं जुळली असतील तर दाब थेट मेंदूवर.

हे आज सोपं वाटतं, पण पाणी नेमकं कुठून येतं आणि कुठे अडतं हे पक्कं कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९१३ आणि १९१४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी हा तरुण सर्जन आणि केनेथ ब्लॅकफॅन हे बालरोगतज्ज्ञ यांनी त्याचा छडा लावला. आजारी मुलांच्या मेंदूतल्या पोकळीत त्यांनी निरुपद्रवी रंग सोडला आणि तो पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात उतरतो का ते पाहिलं. उतरला, तर आतली वाट मोकळी आहे आणि गडबड शोषणात आहे. नाही उतरला, तर वाटेत अडथळा. आम्ही सर्व्हरवर रिक्वेस्ट कुठे अडकली ते शोधायला लॉग टाकतो ना, अगदी तसंच.

पण अडथळ्यामुळेच पाणी साठतं हे सिद्ध कसं करायचं? मुलांवर ते करता येणार नव्हतं. ते कुत्र्यांवर केलं. निरोगी कुत्र्याच्या मेंदूतली अरुंद वाट मुद्दाम बोळा घालून बंद केली. पाणी साठलं, पोकळ्या फुगल्या. कारण सिद्ध झालं.

हे वाचलं तेव्हा चिकू माझ्या मांडीवर झोपली होती. मी लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ उघडला नाही. आपल्याला या आजाराची जी मूळ समज आहे, तिच्यातला मोठा वाटा कुत्र्यांचा आहे. आणि ती कुत्री काही आजारी नव्हती.

समज आली, उपाय नाही. पाणी बाहेर काढायला नळी घालायची ही कल्पना जुनीच होती. पण साधी नळी घातली तर पाणी हवं त्यापेक्षा जास्त वाहून जातं. आणि नळीचं दुसरं टोक हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडलं, तर रक्त उलटं वर येतं. एकाच दिशेने, ठरावीक दाबानंतरच उघडणारा वॉल्व्ह हवा होता. १९४९ मध्ये फ्रँक नल्सन आणि यूजीन स्पिट्झ यांनी स्टीलच्या गोळीचा वॉल्व्ह वापरून पाहिला. दिशा बरोबर होती, पण भरवशाची वस्तू अजून हातात नव्हती.

आता येतो जॉन होल्टर. हा डॉक्टर नाही. फिलाडेल्फियात येल अँड टाउन या कुलपांच्या कंपनीत तंत्रज्ञ. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याला मुलगा झाला, केसी. पाठीचा कणा नीट न मिटलेला, आणि पाठोपाठ जलशीर्ष. केसीवर उपचार करत होते तेच डॉ. स्पिट्झ. होल्टरने त्यांना नेमकी अडचण विचारली. अडचण मेंदूची कमी आणि वॉल्व्हची जास्त आहे हे त्याला कळलं, आणि तो घरच्या वर्कशॉपमध्ये कामाला बसला.

त्याची कल्पना अशी: लवचीक नळीला बारीक चीर द्या. आतून दाब आला की चिरेचे ओठ उघडतात, उलटा दाब आला की मिटतात. साधं रबर चालणार नव्हतं. निर्जंतुक करतानाची वाफ सोसेल आणि शरीरात वर्षानुवर्षं त्रास न देता राहील असं काहीतरी हवं होतं. सिलिकॉन तेव्हा नवीन होतं, त्याने ते निवडलं. १९५६ मध्ये स्पिट्झ-होल्टर वॉल्व्ह रुग्णांमध्ये बसू लागला. होल्टरने पुढे हेच वॉल्व्ह बनवण्याचा उद्योग उभा केला. केसी मात्र लहानपणीच गेला.

ही गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली. बाबांचं सांगली जिल्ह्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, आयुष्य विहिरीवरच्या पंपांत गेलं. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अगं, फूट वॉल्व्हच की हा. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही." मग थोडं थांबून विचारलं, "आणि कचरा अडकला तर?"

बाबांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं जिथे पुढचा इतिहास सुरू होतो.

डिसेंबर १९६०, न्यूयॉर्क. चार महिन्यांच्या थिओची बाबागाडी टॅक्सीने उडवली. डोक्याला जबर मार, त्यातून जलशीर्ष. थिओचे वडील रोआल्ड डाल. होय, पुढे 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' लिहिणारे तेच. थिओला शंट बसवला, पण तो पुन्हा पुन्हा तुंबायचा. प्रत्येक वेळी ताप, नजर जाणं, पुन्हा ऑपरेशन. डाल कुटुंब इंग्लंडला परतलं. तिथे डाल यांच्या ओळखीचे स्टॅन्ली वेड होते. खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांना इंधन पुरवणारे इवलेसे पंप बनवणारे इंजिनियर. ज्याचे एवढेसे पंप तुंबत नाहीत, त्यालाच विचारावं, हा डाल यांचा सरळ हिशोब. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले न्यूरोसर्जन केनेथ टिल तिसरे. तिघांनी मिळून वॉल्व्ह बनवला आणि १९६२ मध्ये तो पहिल्यांदा एका मुलाला बसला. तोवर थिओ इतका सुधारला होता की त्याला त्याची गरजच उरली नाही. पण जगभरात हजारो मुलांना तो बसला. तिघांनी त्यातून नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

आता आपल्या देशात. परदेशी शंट आपल्याकडच्या बहुतेक आईबापांना परवडणारा नव्हता. लखनौचे न्यूरोसर्जन डॉ. डी. के. छाबरा यांनी स्वस्त शंट तयार केला, तो बनतो शहाजहानपूरमध्ये. युगांडातल्या एम्बाले इथे अमेरिकन सर्जन बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये छाबरा शंट आणि एक नामांकित महागडा शंट यांची तुलना केली. एकाची किंमत ३५ डॉलर, दुसऱ्याची ६५०. २००५ मध्ये निकाल छापून आला: वर्षभरात दोन्हींच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक नाही. हा आकडा मी ऑफिसमध्ये महागडी टूल्स मागणाऱ्या मित्रांना मुद्दाम सांगते.

मात्र एक गोष्ट अजून तशीच आहे. मुलांना बसवलेल्या शंटपैकी जवळपास निम्मे दोन वर्षांत बिघडतात. तुंबतात, सरकतात, जंतुसंसर्ग होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर शंट म्हणजे बग फिक्स नाही, तो वर्कअराउंड आहे. मूळ मोरी तुंबलेलीच असते, आपण बाजूने दुसरा पाइप काढलेला असतो. त्यामुळे त्याच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं.

आणि इथे गोष्ट परत कुत्र्यांकडे येते. आज कुत्र्यांवरही शंटची शस्त्रक्रिया होते, आणि बऱ्याचदा वापरला जातो तो माणसांच्या बाळांसाठी बनवलेलाच शंट. कुत्र्यांकडून घेतलेलं ज्ञान मुलांना वाचवून कुत्र्यांकडे परत आलं. हिशोब फिटला म्हणायचं का?

मला नाही वाटत. कारण या सगळ्याला समांतर दुसरा इतिहास चालू होता. १९०८ मध्ये, म्हणजे बाल्टिमोरच्या प्रयोगांच्या जेमतेम पाच वर्षं आधी, अमेरिकन केनेल क्लबने पहिल्या चिवावाची नोंद केली. या जातीचं डोकं सफरचंदासारखं गोल असावं, टाळू उघडी असली तरी चालेल, असं त्यांच्या मापदंडातच आहे. उघडी टाळू म्हणजे जलशीर्ष असं थेट समीकरण नाही, अशी कितीतरी कुत्री ठणठणीत असतात. पण चिवावा, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पॉमेरेनियन, टॉय पूडल अशा छोट्या जातींमध्येच हा आजार जास्त दिसतो. आपण पिढ्यानपिढ्या अजून छोटं, अजून गोल, अजून बाळासारखं निवडत गेलो. रीलमध्ये 'टीकप' पिल्लू बघून आपण हार्ट टाकतो तेव्हा आपणही त्याच निवडीला मत देत असतो. एका हाताने आजार समजून घेतला आणि दुसऱ्या हाताने तो वाढवला.

चिकूपुढे दोन रस्ते होते. शस्त्रक्रिया, किंवा औषधांवर ठेवून लक्ष देणं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू नीट मांडल्या. एवढ्याशा जिवाला भूल, नंतर तुंबण्याची आणि संसर्गाची शक्यता, पुन्हा ऑपरेशन. दुसरीकडे औषधांनी पाणी तयार होणं कमी करता येतं, पण किती काळ पुरेल ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. आम्ही सध्या औषधांवर आहोत. तिला उत्तर मिळालं, गोल फिरणं कमी झालं, म्हणून. उद्या लक्षणं वाढली तर शंटचा विचार पुन्हा करायचा, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

रोजचं काम अगदी साधं आहे. स्टेरॉइडची गोळी खाण्याबरोबरच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. ती मनाने अचानक बंद करायची नसते. त्या गोळीने तहान आणि शू दोन्ही वाढतात, म्हणून रात्री तीनला उठणं ठरलेलं. गळ्यात पट्टा नाही, हार्नेस. मानेवर दाब आला की डोक्यातलाही दाब वाढतो. सोफ्याच्या कडांना फोम, जिन्याला फळी. डोक्यावर टपली मारायची नाही, हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचं. फर्निचर हलवायचं नाही, कारण तिला नीट दिसत नाही, पाठ केलेल्या वाटेने चालते. फिट आली तर तोंडात हात घालायचा नाही, घड्याळ लावायचं, व्हिडिओ काढायचा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना. सगळ्याची नोंद एका शीटमध्ये: तारीख, किती सेकंद, आधी काय खाल्लं होतं. डॉक्टर औषधाची मात्रा ठरवताना ती शीट बघतात. शिकवायला वेळ लागतो. "बस" शिकायला तिने चार महिने घेतले.

आई सुरुवातीला म्हणायची, "कुत्र्यासाठी एवढं?" आता तीच पनीरच्या तुकड्यात गोळी लपवते.

होल्टर, वेड, डाल, छाबरा यांच्या गोष्टी आपण शोधाच्या गोष्टी म्हणून सांगतो, आणि त्या आहेतच. पण मला त्यांत जास्त दिसते ती देखभाल. या आजाराला कुणीच हरवलेलं नाही. कुणीतरी पाइप मोकळा ठेवत राहिलं, एवढंच. वॉल्व्हना माणसांची नावं मिळाली: स्पिट्झ-होल्टर, वेड-डाल-टिल, छाबरा. कुत्र्याचं नाव कशावरच नाही. ते देणं लागतो आपण, आणि ते फेडायची माझ्याकडची जागा म्हणजे रात्री तीनचा अलार्म.

तुमच्या घरी किंवा ओळखीत एखादं छोट्या जातीचं पिल्लू येणार असेल, तर तीन गोष्टी करा. आईबाप कुत्रे प्रत्यक्ष बघा. टाळू आणि डोळे डॉक्टरांना दाखवा. "अजून छोटं मिळेल का?" हा प्रश्न ब्रीडरला विचारू नका. आणि आधीच असं पिल्लू घरात असेल, भिंतीकडे तोंड करून उभं राहत असेल, तर त्याला हट्टी किंवा मंद म्हणू नका. सोनोग्राफी करून घ्या.

पुढच्या भागात भेटू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मागे भुंकण्याचा आवाज आला तरी चालेल.