शाळेत असतानाच महाविद्यालयीन श्रेयांक: लेटरकेनीतील कुटुंबांसाठी माहिती

आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातील लेटरकेनी हे डोनेगल काउंटीतील सर्वांत मोठे शहर. लोकसंख्या सुमारे २२ हजार. येथील विद्यापीठ रुग्णालय आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्या यांमुळे भारतीय व्यावसायिकांना हे गाव परिचित झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० साली प्रामेरिका या कंपनीच्या लेटरकेनी केंद्राचा कारभार दीड हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांसह आपल्याकडे घेतला. नोकरीनिमित्त येथे आलेल्या कुटुंबांतील मुले माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत पोहोचली, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. अमेरिकेतील भावंडे शाळेत असतानाच महाविद्यालयाचे श्रेयांक मिळवतात, मग येथे तशी सोय आहे का?

थोडक्यात उत्तर असे, की अमेरिकेच्या धर्तीची राष्ट्रीय व्यवस्था आयर्लंडमध्ये नाही. येथील शिक्षणपद्धती लवकर सुरुवात करणाऱ्याला वर्ष वाचवून देत नाही. उलट उशिरा किंवा आडवाटेने आलेल्यालाही ती वर चढण्यासाठी पायऱ्या देते. हा फरक लक्षात न घेता आखलेले नियोजन पुढे महागात पडू शकते.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक हे अभ्यासाला द्याव्या लागणाऱ्या श्रमाचे माप आहे. मात्र प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी आहे. आयर्लंडसह युरोपात पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष ६० श्रेयांकांचे असते आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरला जातो. अमेरिकेत एका वर्षाचे साधारण ३०, ब्रिटनमध्ये १२० आणि भारतातील नव्या चौकटीत ४० श्रेयांक मोजले जातात. त्यामुळे ‘मुलाला २० श्रेयांक मिळाले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ते कोणत्या पद्धतीचे आहेत, कोणत्या पातळीचे आहेत आणि पुढची संस्था ते स्वीकारणार आहे का, या तीन गोष्टींवर त्यांची किंमत ठरते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण श्रेयांक देणारी संस्था दुसऱ्या संस्थेला ते मान्य करण्यास भाग पाडू शकत नाही.

अमेरिकेतील दोन वाटा

अमेरिकेत याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे एपी. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून तो चालवते. अभ्यासक्रम शाळेत शिकवला जातो, मे महिन्यात परीक्षा होते आणि १ ते ५ असे गुण मिळतात. अनेक महाविद्यालये ३ किंवा त्याहून अधिक गुणांना श्रेयांक देतात, तर काही निवडक विद्यापीठे ४ किंवा ५ गुणांचीच दखल घेतात.

दुसरा प्रकार दुहेरी नोंदणीचा. यात शाळकरी विद्यार्थी प्रत्यक्ष महाविद्यालयाचा विषय घेतो. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने महाविद्यालयात शिकण्याची मुभा दिली. वॉशिंग्टन राज्याची ‘रनिंग स्टार्ट’ योजना १९९० च्या कायद्यातून आली. या प्रकारात एक जोखीम असते. एपीची परीक्षा बिघडली तर ती बाजूला ठेवता येते, परंतु दुहेरी नोंदणीतील श्रेणी विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन गुणपत्रकावर कायम राहते आणि पुढील प्रवेशाच्या वेळी ती पाहिली जाते.

आयर्लंडमध्ये चलन गुणांचे

आयर्लंडमध्ये बहुतेक पदवी प्रवेश केंद्रीय अर्ज कार्यालयामार्फत, म्हणजे सीएओमार्फत होतात. लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेतील सर्वोत्तम सहा विषयांचे गुण त्यासाठी धरले जातात. उच्च पातळीच्या विषयात ९० टक्के किंवा त्याहून अधिक मिळाल्यास एच-१ श्रेणी आणि १०० गुण मिळतात. एच-२ ला ८८, एच-३ ला ७७, तर एच-४ ला ६६ गुण आहेत. उच्च पातळीच्या गणितात एच-६ किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास २५ गुणांची भर पडते. त्यामुळे कमाल बेरीज ६२५ होते.

या नियमाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सामान्य पातळीच्या गणितात सर्वोच्च श्रेणी मिळाली तरी ५६ गुणच मिळतात. उच्च पातळीवर केवळ ४० टक्के मिळवणाऱ्याला ४६ अधिक २५, म्हणजे ७१ गुण मिळतात. याउलट ४० च्या खाली घसरल्यास ही वाढ जाते आणि ३७ किंवा शून्य गुण हाती येतात. महाविद्यालयाचा एखादा विषय आगाऊ शिकण्यापेक्षा गणिताची पातळी योग्य वेळी ठरवणे येथे अधिक फलदायी ठरते.

शाळेतच घेता येणाऱ्या व्यावसायिक जोड-विषयालाही सीएओ गुण देते. लीव्हिंग सर्टिफिकेट व्होकेशनल प्रोग्रॅममधील या विषयात डिस्टिंक्शनला ६६, मेरिटला ४६ आणि पासला २८ गुण आहेत. प्रवेशासाठी तो सहापैकी एक विषय म्हणून धरता येतो. हे गुण महाविद्यालयाचे श्रेयांक मात्र नव्हेत.

ट्रान्झिशन इयर: मोकळे वर्ष

ज्युनिअर सायकल संपल्यावर आणि लीव्हिंग सर्टिफिकेटचा अभ्यास सुरू होण्यापूर्वी येणारे ट्रान्झिशन इयर हे आयरिश शिक्षणाचे वैशिष्ट्य. १९७४ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या या वर्षात बोर्डाची परीक्षा नसते. कामाचा अनुभव, प्रकल्प आणि नव्या विषयांची ओळख यांवर भर असतो. दहावीनंतर लगेच शिकवणीला जुंपण्याची सवय असलेल्या पालकांना हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटते.

शाळेत असताना विद्यापीठाचा अनुभव घेण्याची सर्वांत जवळची संधी याच वर्षात मिळते. डब्लिन सिटी विद्यापीठातील सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ ही संस्था १९९२ पासून बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम चालवते. तिच्या एका योजनेत निवडक ट्रान्झिशन इयर विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात तेथील विषय शिकतात. लेटरकेनीच्या मुलांपुढे अडचण भूगोलाची आहे. डब्लिन सुमारे २४० किलोमीटर दूर आहे आणि डोनेगल काउंटीत रेल्वे नाही. रोज ये-जा करणे अशक्य असल्याने राहण्याचा खर्च गृहीत धरावा लागतो. शिवाय असा कार्यक्रम पूर्ण केल्याने सीएओच्या गुणांत आपोआप भर पडत नाही. विषय आवडतो की नाही हे पदवीला प्रवेश घेण्यापूर्वी कळते, हाच त्याचा खरा लाभ.

सीमा जवळ, पण सर्वांसाठी नाही

उत्तर आयर्लंडमधील डेरी लेटरकेनीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. तेथील शाळांत ए-लेव्हल शिकवले जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चांगल्या ए-लेव्हल निकालाला श्रेयांक देतात आणि स्कॉटलंडच्या चार वर्षांच्या पदवीत काही ठिकाणी थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. स्कॉटलंडमध्ये मुक्त विद्यापीठाची शाळकरी विद्यार्थ्यांसाठीची स्वतंत्र योजनाही आहे.

तथापि सीमेवर चौकी नसली तरी नियम बदलतात. आयर्लंडचा निवास परवाना असलेल्या भारतीय पारपत्रधारकालाही उत्तर आयर्लंडमध्ये जाण्यासाठी सर्वसाधारणपणे ब्रिटनचा व्हिसा लागतो. आयरिश मित्र सहज पार करतात ती सीमा मराठी मुलासाठी तितकी सोपी नसते. याचा विचार शाळा निवडण्यापूर्वीच व्हायला हवा.

शिडीची पद्धत

लेटरकेनीत १९७१ साली प्रादेशिक तांत्रिक महाविद्यालय सुरू झाले. पुढे ते तंत्रज्ञान संस्था बनले आणि १ एप्रिल २०२२ रोजी स्लायगो व गॉलवे-मेयो येथील संस्थांशी एकत्र येऊन अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झाले. आयर्लंडची शिडीची पद्धत या संस्थेत स्पष्ट दिसते.

राष्ट्रीय अर्हता चौकटीत दहा पातळ्या आहेत. १२० श्रेयांकांचे उच्च प्रमाणपत्र सहाव्या पातळीवर, १८० श्रेयांकांची साधारण पदवी सातव्या पातळीवर आणि ऑनर्स पदवी आठव्या पातळीवर येते. कमी गुणांवर सहाव्या किंवा सातव्या पातळीला प्रवेश घेऊन, मिळवलेले श्रेयांक सोबत ठेवत वर चढता येते. सीएओच्या अर्जात आठव्या पातळीसाठी दहा आणि सहाव्या-सातव्या पातळीसाठी आणखी दहा पसंतीक्रम देता येतात. बरीच कुटुंबे दुसरी यादी कमीपणा मानून कोरी सोडतात. ती भरल्याने पहिल्या यादीतील संधी कमी होत नाही.

दुसरी पायरी पुढील शिक्षणाची. डोनेगल शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या केंद्रांतून पाचव्या पातळीचे १२० श्रेयांकांचे प्रमाणपत्र घेता येते. त्यावर सीएओमध्ये कमाल ३९० गुण मिळतात. २०२३ पासून देशात काही संयुक्त पदव्याही सुरू झाल्या आहेत. त्यांत पहिला टप्पा अशा केंद्रात आणि उरलेले शिक्षण विद्यापीठात होते. या प्रवेशासाठी सीएओचे गुण लागत नाहीत.

शुल्क आणि नागरिकत्व

अमेरिकेत श्रेयांक आगाऊ मिळवण्यामागे मुख्य हेतू पैसे वाचवण्याचा असतो. आयर्लंडमध्ये खर्चाचे गणित निवास आणि नागरिकत्वावर ठरते. सरकारी मोफत शुल्क योजनेसाठी मागील पाच वर्षांपैकी किमान तीन वर्षे युरोपीय आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड किंवा ब्रिटनमध्ये वास्तव्य लागते. त्याशिवाय नागरिकत्वाची किंवा ठरावीक स्थलांतर दर्जाची अटही आहे. केवळ पालकांच्या नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्या मुलाला वास्तव्य पुरेसे असूनही योजना लागू न होण्याची शक्यता असते. त्याला युरोपीय दराचे शुल्क लागेल की बिगर-युरोपीय, याचा निर्णय बहुधा संस्था घेते. दोन्ही दरांतील वार्षिक फरक हजारो युरोंचा असतो.

नागरिकत्वासाठी प्रौढ व्यक्तीला साधारणतः पाच वर्षांचा गणनीय निवास दाखवावा लागतो. पालकाला ते मिळाल्यावर अल्पवयीन मुलासाठी अर्ज करता येतो. मूल बाराव्या वर्षी आले असेल, तर पालकांचा अर्ज करण्याची वेळ मुलाच्या सतराव्या वर्षी येते. अर्जावर निर्णय होण्यास लागणारा काळ वेगळाच. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्याने हा निर्णय भावनिकदृष्ट्याही सोपा नसतो. तरीही तो पुढे ढकलल्याने होणारे आर्थिक नुकसान शाळेत मिळवलेल्या थोड्या श्रेयांकांनी भरून निघणारे नाही.

देश बदलणार असाल तर

पुढे अमेरिकेत जाण्याचा निश्चित बेत असेल, तर एपी परीक्षा खासगीरीत्या देता येते. त्यासाठी परीक्षा केंद्र बरेच आधी शोधावे लागते. अमेरिकेतून आयर्लंडमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याचे एपी गुण येथील विद्यापीठे मुख्यतः प्रवेशाची पात्रता म्हणून पाहतात. त्यामुळे पदवीचे वर्ष कमी होईल असे समजू नये.

भारतात परतण्याचा विचार असल्यास विषयांची निवड निर्णायक ठरते. वैद्यकीय शिक्षणासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लीव्हिंग सर्टिफिकेटला असणे आवश्यक आहे. आयर्लंडमध्ये हे तिन्ही घेणे सक्तीचे नसल्याने ही गोष्ट निसटू शकते. परदेशी शालान्त प्रमाणपत्राची समकक्षता भारतीय विद्यापीठ संघ देतो. भारतात २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्यात नववी ते बारावीच्या प्रत्येक वर्षाला ४० श्रेयांक मोजण्याची तरतूद आहे. हे श्रेयांक शालेय पातळीचे असून त्यांनी पदवीचा कालावधी घटत नाही.

पालकांनी काय करावे?

ज्युनिअर सायकल संपण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: मुलाचा निवास व नागरिकत्वाचा दर्जा प्रवेशाच्या वर्षी काय असेल, निवडलेले विषय संभाव्य देशांत चालतील का आणि गणित कोणत्या पातळीवर झेपेल. सीएओच्या सर्वसाधारण अर्जाची मुदत १ फेब्रुवारीला संपते आणि पसंतीक्रम बदलण्याची मुभा १ जुलैपर्यंत असते. कोणत्याही कार्यक्रमाचे ‘श्रेयांक’ विकत घेण्यापूर्वी ज्या विद्यापीठात जायचे आहे, त्याच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवावे. तेथे मान्य नसलेल्या श्रेयांकामुळे ना पदवीचे वर्ष वाचते ना शुल्क.