बसून खाणे

"बसून खाल्लं तर कुबेराची संपत्तीही पुरत नाही," असं आमची आई नेहमी म्हणते. तिचा रोख पैशाकडे असतो. पण गेल्या महिन्यात माझा साखरेचा रिपोर्ट आला, आणि डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "दिवसातले किती तास बसून असता?" मी मनात हिशोब करत करत अकरापर्यंत पोचलो, तेव्हा या म्हणीचा दुसराच अर्थ समोर उभा राहिला. मग घरी येऊन नेहमीप्रमाणे जुनं काहीतरी वाचत बसलो (हो, पुन्हा बसलोच!) आणि त्यात एक गिरणी सापडली.

ही गिरणी आपल्या परळ-लालबागची नव्हे. कोलकात्याजवळ हुगळीकाठी चेंगाइलला लडलो कंपनीची ताग गिरणी होती. हार्वर्डमधले फ्रेंच वंशाचे आहारतज्ज्ञ जाँ मेयर यांनी रॉय आणि मित्रा या सहकाऱ्यांबरोबर तिथल्या २१३ पुरुषांचं वजन, काम आणि जेवण तपासलं. १९५६ साली ते छापून आलं. दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार, कारकून, मग यंत्रावर काम करणारे, आणि शेवटी ओझी वाहणारे, कोळसा ओढणारे अशी त्यांनी कामाप्रमाणे उतरंड लावली.

हलक्या कामाकडून जड कामाकडे जावं तसं माणसाचं खाणं वाढत होतं, पण वजन वाढत नव्हतं. जेवढं लागतं तेवढंच पोट मागत होतं. गंमत उतरंडीच्या दुसऱ्या टोकाला होती. जो जवळजवळ हलतच नाही त्याने सगळ्यात कमी खायला हवं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बसून असणारे लोक हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते आणि वजनानेही भारी होते. त्याआधी १९५४ साली मेयर यांना उंदरांतही असंच दिसलं होतं. रोज थोडा वेळ पळवलेले उंदीर न पळवलेल्यांपेक्षा किंचित कमीच खात. म्हणजे भुकेचा काटा हालचालीच्या एका मर्यादेतच नीट चालतो. त्याखाली गेलं की तो बिघडतो.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरी मॉरिस हे डॉक्टर दुमजली बसकडे बघत होते. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. बस एकच, पण कंडक्टरांना हृदयविकार बराच कमी. टपाल खात्यातही तेच दिसलं: पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित. हे १९५३ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९५६ साली त्यांनी चक्क गणवेशांची मापं काढली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला मोठ्या निघाल्या. मॉरिस स्वतः पोहणारे, पळणारे. २००९ साली वारले तेव्हा ९९ वर्षांचे होते.

हे सगळं वाचताना मला अण्णा दिसत होते.

अण्णा गिरणीत साच्यांवर होते. आठ तास उभं राहायचं, साच्यांमधून येरझारा घालायच्या. डब्यात दोन भाकऱ्या, कालवण, कांदा. घरी येऊन बेताचंच जेवायचे, अंगाने काठीसारखे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर आले, ते कायमचेच. संपाच्या दिवसांत जास्त खायचा प्रश्नच नव्हता, खायचीच पंचाईत होती. पुढे १९८५ साली त्यांना एका सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनची नोकरी लागली. बारा तास खुर्ची. चहा, खारी, फरसाणाची पुडी, घरी आल्यावर पुन्हा ताटभर जेवण. पोट सुटलं. आई म्हणायची, "गिरणीत होते तेव्हा हे एवढं जेवत नव्हते." आम्ही भावंडं तर सरळ बोलायचो, "अण्णा, जिभेवर जरा ताबा ठेवा." ते खाली मान घालून हात धुवायला उठायचे. १९९६ साली हृदयविकाराने गेले, ५६ व्या वर्षी.

सगळा दोष खुर्चीला देऊन चालणार नाही, हे कळतं मला. अण्णा विडी ओढायचे, संपाने मन खचलेलं होतं. मेयर यांची २१३ माणसंही एकाच गिरणीतली आणि एकदाच पाहिलेली. लंडनला मुळात जाड माणसंच ड्रायव्हर होत असतील, ही शंकाही त्या पँटींच्या मापांवरूनच निघाली. पण एवढं नक्की वाटतं की अण्णांना अचानक हाव सुटली नव्हती. त्यांचं पोट बहुधा जुन्याच सवयीने मागत होतं, आणि काम मात्र हातातून गेलं होतं. आम्ही मात्र त्यांना ताटावरून उठवलं.

यंदा मलाही ५६ वं लागलंय. परवापासून ऑफिसचे फोन उभं राहून, फेऱ्या मारत घेतो, आणि लिफ्ट सोडून चार मजले चढतो. दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "चढ हळूहळू. आणि रात्री ताटात पोळी मी वाढीन तेवढीच घे."

मी काही बोललो नाही. हात धुवायला उठलो.