प्रिंट ही नक्कल नव्हे

जॅझ वादकांच्या अभिजात छायाचित्रांच्या प्रिंट्स जमवणाऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि आता तो पुराव्याशिवायच मान्य होऊ लागला आहे. आधी तो पूर्ण ताकदीनिशी मांडतो. छायाचित्राला मूळ प्रत नसते. निगेटिव्ह एक, तिच्यावरून प्रती हव्या तितक्या. मग अमुक प्रिंट अस्सल आणि तमुक नाही, हे ठरणार कसे? जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता. आजचे आक्षेपक त्याला आणखी एक जोड देतात. छायाचित्रकार विल्यम गॉटलीब यांनी १९३८ ते १९४८ या काळात टिपलेली बिली हॉलिडे, थेलोनियस मंक यांची छायाचित्रे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि गॉटलीब यांच्याच इच्छेनुसार २०१० पासून ती सर्वांना खुली आहेत. कोणीही, कुठूनही, एक पैसा न देता पाहावीत. मग सही आणि क्रमांक असलेल्या कागदासाठी पैसे मोजणे म्हणजे कृत्रिम टंचाईला दिलेली खंडणीच.

पूर्वपक्ष तगडा आहे. पण तो एका गृहीतकावर उभा आहे: शटर मिटले की छायाचित्र पूर्ण झाले, पुढचे सारे छपाईकाम. हे गृहीतकच खोटे आहे.

हर्मन लेनर्ड यांनी १९४८ साली टिपलेले डेक्स्टर गॉर्डन यांचे छायाचित्र घ्या. न्यूयॉर्कचा रॉयल रूस्ट क्लब, डोक्यावर हॅट, जवळ टेनर सॅक्सोफोन, हातात सिगारेट, आणि वर चढत जाणारा धूर. लेनर्ड वादकाच्या मागून प्रकाश टाकत. म्हणून धूर असा उजळून निघाला. आता डार्करूममधली अडचण पाहा. मागून प्रकाश दिलेल्या निगेटिव्हमध्ये उजेड आणि अंधार ही दोन्ही टोके एकत्र नांदतात. धुराच्या वळ्या जपायला जावे तर सावलीतला तपशील काळ्यात बुडतो. सावल्या राखाव्यात तर धूर कोऱ्या कागदात विरून जातो. एन्लार्जरखाली कुठे हात आडवा धरायचा, कुठे पुठ्ठ्याच्या भोकातून जादा प्रकाश द्यायचा, किती सेकंद, कोणत्या ग्रेडच्या कागदावर? निगेटिव्ह यातले काही सांगत नाही. छापणारा ठरवतो. ही शिस्त लेनर्ड ओटावात युसुफ कार्श यांच्या हाताखाली उमेदवारी करून शिकले होते. अशा निर्णयांना 'प्रत काढणे' म्हणायचे का?

छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केली होती. निगेटिव्हला ते संगीतकाराने लिहिलेल्या स्वरलिपीच्या आणि प्रिंटला प्रत्यक्ष वादनाच्या जागी मानत. ख्याल ऐकणाऱ्या आपल्या वाचकाला हे पटवावे लागू नये. बंदिश तीच असते, म्हणून एक मैफल ऐकलेल्याने दुसरी टाळावी, असे कोणी म्हणेल का? अ‍ॅडम्स यांच्या १९४१ च्या 'मूनराइज' या छायाचित्राच्या सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाश फिकट आहे, त्यात ढगांच्या रेषा दिसतात. काही दशकांनंतरच्या प्रिंट्समध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. निगेटिव्ह एकच. यातले कोणते चित्र निगेटिव्हमध्ये 'होते'? उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे. बेंजामिन यांनी प्रतींची संख्या अचूक ओळखली. त्या प्रतींमधला फरक मात्र हिशेबात घेतला नाही.

गॉटलीब यांचा दाखलाही आक्षेपकांच्या बाजूने उभा राहत नाही. तिथे पाहायला मिळतात त्या मुख्यतः निगेटिव्हच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा. संशोधकाला त्या अमोल आहेत आणि खुल्या आहेत हे उत्तमच झाले. पण त्यांवरून कागदावर चित्र उतरवू पाहणाऱ्याला पुन्हा तेच सारे निर्णय घ्यावे लागतात. प्रिंट नको म्हणणाऱ्यांपुढे उरला रेकॉर्डच्या वेष्टनाचा पर्याय. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी फ्रान्सिस वुल्फ यांनी काढलेली छायाचित्रे वेष्टनांचे रचनाकार रीड माइल्स यांनी कापली, रंगवली, अक्षरांखाली दाबली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या 'ब्लू ट्रेन' या रेकॉर्डचे निळे वेष्टन सुंदर आहे, यात वाद नाही. ते माइल्स यांचे काम आहे. वुल्फ यांचे छायाचित्र कृष्णधवल होते.

टंचाईचा मुद्दा अर्धा खरा आहे. क्रमांक ही बाजाराची सोय आहे, सट्टा करणारे गिऱ्हाईकही आहे. हा दोष गिऱ्हाइकाचा; प्रिंटच्या माथी तो का मारायचा? हा बाजार उभा राहण्याच्या कितीतरी आधी क्लबमालक लेनर्ड यांना फुकट आत सोडत, आणि बदल्यात बाहेर लावायला प्रिंट्स घेत. पुढे कित्येक वर्षे ती छायाचित्रे बहुतांशी पेट्यांत पडून राहिली. १९८८ च्या लंडनमधल्या प्रदर्शनाने ती मोठ्या प्रमाणावर लोकांसमोर आली. आज जे पडद्यावर फुकट दिसते, ते आधी कोणाच्या तरी भिंतीवर लागले म्हणून पेटीबाहेर पडले. हा क्रम आक्षेपक विसरतात.

शेवटचा पुरावा वाचकांपुढे ठेवतो. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाचे पाणी न्यू ऑर्लिन्समधल्या लेनर्ड यांच्या घरात आणि स्टुडिओत शिरले. त्यांच्या हातच्या हजारो प्रिंट्स नष्ट झाल्या. निगेटिव्ह्ज मात्र ऑग्डेन संग्रहालयाच्या तिजोरीत सुखरूप राहिल्या. पूर्वपक्ष बरोबर असेल, तर त्या वादळात लेनर्ड यांच्या कलेचे काहीच नुकसान झाले नाही. निगेटिव्ह आहे, पुन्हा छापा. पण छापणार कोण? लेनर्ड तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि २०१० मध्ये ते गेले. गॉर्डन यांच्या सिगारेटचा धूर त्यांना किती पांढरा हवा होता, हे ज्याला पाहायचे असेल त्याने त्या घरातून आधीच बाहेर पडलेल्या प्रिंट्सकडे जावे. त्यांतल्या काही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत आहेत, आणि काही, ज्यांना हौशी म्हणून हिणवले जाते, त्या संग्राहकांच्या घरी.