रानजोंधळ्याचे मणी

मराठीत ज्यास रानजोंधळा किंवा कसई म्हणतात, ते गवत मक्याच्या दूरच्या नात्यातले. ओलसर जागी ते पुरुषभर वाढते आणि त्याला थेंबाच्या आकाराचे चकचकीत, टणक मणी धरतात. आपण त्यांस बी म्हणतो. वस्तुतः मणी म्हणजे कठीण झालेले पर्णावरण, दाणा त्याच्या आत असतो. फुलोऱ्याचा देठ मण्यातून वर येतो. तो ओढून काढला की ओवण्यासाठी भोक आयतेच मिळते. १७५३ साली लिनीअसने केलेल्या नामकरणात बायबलमधील ईयोबाचे अश्रू आले.

अमेरिकेतील चेरोकी लोक यांस मक्याचे मणी म्हणतात व त्यांच्या माळा करतात. १८३८-३९ मध्ये त्यांना जॉर्जिया, टेनेसी आदी प्रदेशांतून हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. सुमारे १६,००० माणसांपैकी ४,००० दगावली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्या प्रवासाचे नावच 'अश्रूंची वाट'. जेथे अश्रू पडले तेथे हे मणी उगवले, अशी कथा सांगितली जाते.

वनस्पतिशास्त्र ही कथा मानणार नाही. हे गवत मूळचे उष्ण आशियातले. अमेरिकेत ते युरोपीयांच्या आगमनानंतर पोहोचले. तेव्हा कथा खोटी ठरवून मोकळे व्हावे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. या विस्थापनाला ज्या कागदाचा आधार घेतला गेला, तो १८३५ चा न्यू एकोटाचा तह. त्यावर चेरोकींमधील एका लहान गटाने सह्या केल्या. निर्वाचित प्रमुख जॉन रॉस यांचा त्यास विरोध होता. तरीही अमेरिकन सिनेटने १८३६ मध्ये तो मंजूर केला. कागद अस्सल, तारीख अचूक. पण त्यात गृहीत धरलेली संपूर्ण राष्ट्राची संमती कधीच नव्हती. उलट कथेतील वनस्पतीचा उगम चुकीचा, पण तिने जपलेले दुःख खरे. पुरावा म्हणून दोन्ही वाचावेत. मात्र प्रत्येकास निराळा प्रश्न विचारावा. तहास विचारावे, हा कोणाच्या वतीने बोलतो. कथेस विचारावे, ही कशाची आठवण ठेवते.

थंड मुलखात हे गवत हिवाळ्यात मरते. म्हणून काही मणी न ओवता राखून ठेवतात आणि थंडी सरल्यावर भिजवून पेरतात. माळेइतकीच ती पेरणीही या आठवणीचा भाग आहे.