तबकडीवरचा कोरीव लेख: डेट्रॉइट, टेक्नो आणि मालकीचा प्रश्न (थ्रेड)

१/ शिलाहारकालीन दानलेख पाहणाऱ्यांना एक गंमत ठाऊक असते. दान कोणी दिले आणि कोणाला दिले, हे सांगताना कोरक्या संयमी असतो. दान हिरावून घेणाऱ्याची काय गत होईल, हे सांगायची वेळ आली की मात्र त्याचा हात रंगतो. गधेगळ शिल्पे त्याचीच साक्ष देतात. आजचा थ्रेड अशाच एका कोरीव लेखाविषयी आहे. फक्त इथे दगडाच्या जागी काळ्या व्हिनाइलची तबकडी आहे.

२/ ध्वनिमुद्रिकेच्या शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदी चकतीपर्यंत एक कोरी, गुळगुळीत पट्टी असते. कारखान्याच्या सोयीसाठी तिथे क्रमांक कोरतात. डेट्रॉइट शहरातील ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ (पुढे ‘यूआर’) या स्वतंत्र लेबलने मात्र ती पट्टी निरोप लिहिण्यासाठी वापरली. लेबलच्या वतीने हे निरोप प्रत्यक्ष कोरणारा माणूस होता रॉन मर्फी. तबकडीचा मूळ साचा कापणाऱ्या या कारागिराची स्वतंत्र सहीही अनेक तबकड्यांवर सापडते.

३/ आजही एखादे छोटे लेबल टेक्नो किंवा बेस संगीताची नवी तबकडी काढते, तेव्हा तिच्यावर अनुक्रमांक असतो, कलाकाराचा चेहरा बहुधा नसतो, आणि ती थेट ऐकणाऱ्याच्या हाती पोचवण्याची धडपड असते. या तिन्ही गोष्टी सौंदर्यदृष्टीतून आल्या असा समज आहे. मला तो अपुरा वाटतो. त्यांचे मूळ एका शहराच्या आर्थिक इतिहासात आहे.

४/ डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. १९१३ मध्ये फोर्डने तेथील हायलंड पार्क कारखान्यात सरकती जुळणी-रांग सुरू केली. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती. १९९० मध्ये ती सव्वादहा लाखांवर आली. मधल्या काळात कारखाने उपनगरांकडे व परराज्यांत गेले, त्यांच्यामागे गोरा मध्यमवर्ग गेला. १९६७ च्या जुलैमधील उठावात ४३ माणसे मेली.

५/ संगीताच्या बाबतीत याच शहराला एक वेगळी जखम होती. १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन जी कंपनी उभी केली, तीच पुढे ‘मोटाउन’ झाली. कृष्णवर्णीय माणसाच्या मालकीची, सबंध अमेरिकेला गाणी पुरवणारी कंपनी. १९७२ मध्ये मोटाउनने आपले ठाणे लॉस एंजेलिसला हलवले. १९८८ मध्ये ती ६ कोटी १० लाख डॉलरला एमसीए व तिच्या भागीदारांना विकली गेली. शहराचा आवाज शहराबाहेरच्यांच्या मालकीचा झाला. पुढची सगळी कथा या घटनेच्या सावलीत वाचावी, असे मला वाटते.

६/ आता यंत्रांकडे वळू. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र आणि पाठोपाठ १९८१ मध्ये टीबी-३०३ हे बास वाजवणारे यंत्र बाजारात आणले. एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी, हा ३०३ चा मूळ हेतू. खऱ्या बास गिटारीसारखे ते मुळीच वाजत नसे, आणि ८०८ चा ढोलही खऱ्या ढोलासारखा नव्हता. दोन्हींचे उत्पादन काही वर्षांतच थांबले आणि ती जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. ज्यांच्याकडे स्टुडिओचे भाडे भरायला पैसे नव्हते, त्या मुलांच्या हाती ती पडली, ती अशी. ८०८ चा तो लांबत जाणारा, छातीत घुमणारा खर्ज पुढे ‘बेस’ म्हणवणाऱ्या कितीतरी शैलींचा पाया ठरला.

७/ १९८१ मध्ये हुआन ॲटकिन्स आणि रिक डेव्हिस यांनी ‘सायबोट्रॉन’ या नावाने पहिली तबकडी काढली, तीही स्वतःच्याच ‘डीप स्पेस’ या लेबलवर. डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘द इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने ओळखला जाणारा निवेदक क्राफ्टवर्क, प्रिन्स आणि पार्लमेंट-फंकाडेलिक यांना एकाच रात्री एकापाठोपाठ वाजवत असे. त्याने ही तबकडीही वाजवली. ॲटकिन्सने पुढे १९८५ मध्ये ‘मेट्रोप्लेक्स’ हे लेबल काढले. बेलव्हिल या गावातील शाळेपासूनचे त्याचे मित्र डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनीही लवकरच आपापली लेबले उभी केली: ‘ट्रान्समॅट’ आणि ‘केएमएस’. तीन मित्र आणि तीन लेबले.

८/ ‘टेक्नो’ हे नाव कसे रूढ झाले? ॲटकिन्सवर ॲल्विन टॉफलरच्या ‘द थर्ड वेव्ह’ या ग्रंथाचा प्रभाव होता आणि हा शब्द त्याच्या बोलण्यात आधीपासून होता. पण १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये डेट्रॉइटच्या संगीताचा एक संग्रह निघत होता. शिकागोच्या ‘हाउस’ संगीताची डेट्रॉइटी शाखा, अशी त्याची ओळख करून देण्याचे आधी घाटत होते. अखेर तो ‘टेक्नो!’ या शीर्षकाने बाहेर पडला. स्वतःच्या गावात जे नाव जेमतेम चालत होते, ते परदेशातल्या आवरणावर छापले गेले आणि पक्के झाले.

९/ यूआरची स्थापना याच पार्श्वभूमीवर, १९८०-९० च्या संधिकाळात झाली. माइक बँक्स आणि जेफ मिल्स हे दोघे संस्थापक. रॉबर्ट हूड लवकरच सामील झाला. मिल्स स्थानिक रेडिओवर ‘द विझर्ड’ या नावाने प्रसिद्ध होता. बँक्स हा स्टुडिओंत वाद्ये वाजवलेला संगीतकार. इतरांच्या गाण्यांसाठी वाजवताना पैसा कुठे जातो, हे त्याने जवळून पाहिले होते. १९९२ च्या सुमारास मिल्स व हूड वेगळे झाले. बँक्स डेट्रॉइटमध्येच राहिला.

१०/ बँक्स छायाचित्रांत चेहरा झाकतो. अनेकांना हे नाटक वाटते, आणि त्यात थोडे नाटक आहेही! पण मागचा हिशेब पाहा. मोठी कंपनी चेहरा विकत घेते, करार चेहऱ्याशी करते. चेहराच नसेल तर विकत घेण्याजोगे फक्त संगीत उरते, आणि संगीताची मालकी लेबलकडे असते.

११/ मालकी नुसती कागदावर असून भागत नाही. तबकडी दुकानात पोचली पाहिजे. वितरक माल उचलतो, महिनोन्महिने पैसे देत नाही, मग न खपलेल्या प्रती परत करतो. छोटी लेबले बहुधा इथेच बुडतात. म्हणून बँक्स व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘सबमर्ज’ ही स्वतःची वितरणसंस्था उभी केली. यूआरच नव्हे, शहरातील इतर लेबलांच्या तबकड्याही तिच्यामार्फत जगभर जाऊ लागल्या. त्या छापल्या जात शहरातल्याच ‘आर्चर’ या कौटुंबिक कारखान्यात, जो १९६५ पासून चालू आहे. रचना, मुद्रण, साचा, छपाई, वितरण, सगळे एकाच शहरात. मोटारीची जुळणी-रांग गेलेल्या शहरात ही दुसरी, लहानशी जुळणी-रांग होती.

१२/ एक तांत्रिक पण महत्त्वाचा मुद्दा. खर्जाचा आवाज कोरायला खाच रुंद लागते. लहान तबकडीत दाटीवाटीने भारी खर्ज भरला तर सुई उडते. म्हणून नाचाचे संगीत १२ इंची तबकडीवर, एका बाजूला जेमतेम एक-दोन रचना, असे निघू लागले. साचा कापणाऱ्याचा कान इथे निर्णायक ठरतो. रॉन मर्फीला या इतिहासात मानाचे पान का मिळते, ते यावरून लक्षात यावे.

१३/ या तबकड्या विकत घेणारे बहुसंख्य लोक युरोपात होते. १९८९ च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. १९९१ च्या मार्चमध्ये एका उद्ध्वस्त दुकानाच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेझोर’ हा क्लब सुरू झाला. ते दुकान वेर्टहाइम या ज्यू कुटुंबाचे. नाझी राजवटीत ते त्यांच्याकडून हिरावले गेले होते. ट्रेझोरने लेबल सुरू केले, तेव्हा पहिली तबकडी होती ‘एक्स-१०१’ची, म्हणजे यूआरच्याच तिघांची. एका उजाड शहराचा आवाज दुसऱ्या उजाड शहरात रुजला. यात काव्य आहे, हे मान्य. पण अडचणही आहे. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत याच संगीताला मर्यादित श्रोते होते. यूआरचा स्वाभिमान परदेशी ग्राहकांच्या पैशावर उभा होता, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांना फारशी आवडत नाही.

१४/ ‘ड्रेक्सिया’ची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनल्ड यांची ही जोडी आपली ओळख बराच काळ लपवून होती. त्यांच्या अनेक तबकड्या यूआर व सबमर्जमार्फत निघाल्या. १९९७ च्या ‘द क्वेस्ट’ या संग्रहासोबत एक कल्पित इतिहास छापलेला आहे: गुलामवाहू जहाजांतून समुद्रात फेकल्या गेलेल्या गर्भवती आफ्रिकी स्त्रियांची बाळे पाण्यातच श्वास घ्यायला शिकली आणि त्यांनी समुद्रतळाशी एक राष्ट्र वसवले.

१५/ ही कल्पना पोकळीतून आलेली नाही. १७८१ मध्ये ‘झाँग’ या ब्रिटिश जहाजावरून १३० हून अधिक गुलामांना जिवंतपणी समुद्रात टाकले गेले. मालकांनी विम्याची रक्कम मागितली. लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो खुनाचा नव्हे, विम्याचा. माणसाची गणना मालात झाली की कायद्याची भाषा कशी बोलते, हे त्या खटल्यात दिसते. ड्रेक्सियाच्या रचनांत शब्द जवळजवळ नाहीतच. ८०८ चा खर्ज, पाण्यासारखे हिंदकळणारे सूर, आणि रचनांची नावे. पुराभिलेखागारात ज्यांचा आवाज उरला नाही, त्यांच्याविषयी असेही लिहिता येते. स्टिन्सन २००२ मध्ये वारला.

१६/ आता मूळ प्रश्न: कोणी हिरावून घेतलेच तर? १९९९ मध्ये यूआरने ‘नाइट्स ऑफ द जॅग्वार’ ही तबकडी काढली, क्रमांक यूआर-०४९. कर्ता डीजे रोलँडो, मेक्सिकन वंशाचा डेट्रॉइटकर. तंतुवाद्यांसारखे झेपावणारे सूर असलेली तिच्यावरची रचना युरोपभर वाजू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस सोनीच्या जर्मन शाखेने हुबेहूब तशीच रचना दुसऱ्याकडून वाजवून घेतली. यूआरची परवानगी नव्हती.

१७/ कायदा इथे बारीक आहे. रचनेचा हक्क आणि त्या रचनेच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क, हे दोन वेगळे हक्क. ध्वनिमुद्रण उचलले तर ती सरळ चोरी. पण एकदा प्रसिद्ध झालेली रचना पुन्हा वाजवून मुद्रित करायला, ठरलेले मानधन भरले तर, अनेक देशांत मूळ लेबलची संमती लागत नाही. गायकाचा आवाज असता तर फरक लगेच कळला असता. शब्द नाहीत, चेहरा नाही, वाद्य यंत्राचे. अशा संगीताची नक्कल मूळ वाटण्याचा धोका सर्वाधिक. म्हणजे जो निनावीपणा यूआरची ढाल होता, तोच इथे त्यांचे मर्मस्थान ठरला.

१८/ यूआरने बातमी इंटरनेटवर पसरवली आणि जगभरच्या चाहत्यांनी सोनीकडे ई-मेलचा मारा केला. सोनीने तबकडी मागे घेतली. पण गोष्ट तिथे संपली नाही: तीच नक्कल बीएमजीने उचलली. यूआरने उत्तरादाखल २००० मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द जॅग्वार’ या नावाने त्या रचनेची नवी रूपे काढली. मोठी कंपनी हरली, असे या प्रकरणाचे वर्णन अनेकदा होते. मला ते उत्साही वर्णन वाटते. एक कंपनी हटली, दुसरी आली. मात्र मूळ तबकडी छापण्याचा अधिकार डेट्रॉइटच्या बाहेर गेला नाही. मोटाउनशी तुलना केली तर हेही कमी नव्हे.

१९/ आता मुंबई. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन रोलँड यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एचएमव्हीने ती तबकडी काढली. ती खपली नाही. ३०३ चा तोच तडतडता आवाज शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये वापरला आणि ‘ॲसिड हाउस’ जन्मले.

२०/ ‘ॲसिड हाउस मुंबईत जन्मले’, ही पोस्ट दर वर्षी फिरते. कृपया जपून. आधी घडणे आणि कारण ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोतील मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. रागातले आरोह-अवरोह आणि मींड या यंत्राच्या घसरत्या सुरांत सहज बसतात, हे सिंग यांना स्वतंत्रपणे उमगले. हा शोध त्यांचा आहेच. त्याला शिकागोचे पितृत्व चिकटवण्याची गरज नाही.

२१/ मला अधिक बोचते ते पुढचे. तबकडी मोठ्या कंपनीच्या मालकीची होती, आणि मोठ्या कंपनीला न खपलेला माल जिवंत ठेवण्याचे कारण नसते. ती पुन्हा लोकांपुढे आली २०१० मध्ये, नेदरलँड्समधील ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलमुळे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत सिंग युरोपातल्या मंचांवर हेच राग वाजवत होते. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

२२/ घरात आजोबांच्या वेळच्या तबकड्या असतील तर त्या एकदा उजेडात तिरक्या धरून पाहा, आणि मधल्या चकतीभोवतीच्या कोऱ्या पट्टीचा फोटो खाली टाका. बहुतेकांवर निव्वळ कारखान्याचे क्रमांक असतील. तेही चालतील, ते कसे वाचायचे, यावर पुढचा थ्रेड लिहितो आहे.